मृदंगाला लावलेलं औषध

इस्पितळात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "कशाला हात लावला होतात?" त्याचं खरं उत्तर मी सतरा तासांनी दिलं. त्या सतरा तासांबद्दल मी आजवर घरात कुणाशी बोललो नाही. मी त्या आजारातून उठलो, लग्न केलं, नोकरी पुरी केली, नातवंडं पाहिली. माझ्या शेजारच्या खाटेवरचा माणूस उठला नाही.

हे लिहायला दोन कारणं आहेत. फवारणीची औषधं आता कुणाच्याही पडवीत सापडतात. कुणावर अशी वेळ आली तर त्याने माझ्यासारखं गप्प बसू नये, हे एक. दुसरं कारण माझी बहीण. तिच्याविषयी शेवटी लिहीन.

*

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमचे पणजे बोटीने ज्या बेटावर ऊस तोडायला आले, तिथल्या सांत्र द फ्लाक गावाच्या वरच्या अंगाला, उसाच्या मळ्यांमध्ये आमची वस्ती. बाप ऊस तोडायचा. मी मात्र चार बुकं शिकून साखर कारखान्याच्या लाबोत, म्हणजे प्रयोगशाळेत, लागलो होतो. रसाचे नमुने तपासायचे, आकडे लिहायचे, एवढंच काम. पण आमच्या वस्तीतून तिथे शिरलेला मी पहिला. पांढरा कोट घालून मी बसमध्ये चढलो की म्हाताऱ्या जागा करून देत. कुठली बाटली घरात आली की लोक लेबल वाचायला माझ्याकडे आणत. मी वाचून सांगेन ते खरं धरत.

माझ्याहून चार वर्षांनी मोठी बहीण, तिला मी आक्का म्हणतो, वस्तीतच दिली होती. तिचा नवरा हरी. मी त्यांना भावोजी म्हणायचो. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ते लोहारकाम करत, पण त्यांची खरी ओळख मृदंग. गणपतीत आमच्याकडे झाकरी नाचतात. त्यात भावोजींचा हात पडला की शेजारच्या गावचे लोक ओटीवर येऊन उभे राहत. मृदंग त्यांच्या आजाने फणसाच्या खोडातून कोरून घेतलेला होता.

त्या वर्षी गणपतीला आठवडा उरला असताना भावोजींनी बैठकाच्या, म्हणजे वस्तीच्या सभाघराच्या, खुंटीवरून मृदंग काढला, तर कातड्यात किडे. कडेला बारीक भोकं पडलेली, वाद्या कुरतडलेल्या.

"बाळा, तुझ्या लाबोत यावर काही आहे का?" ते म्हणाले. "नाहीतर यंदा गणपतीपुढे मी रॉकेलचा डबा वाजवतो."

औषध लाबोत नव्हतं. मळ्याच्या कुलूपबंद कोठीत होतं. उसावरच्या किडीसाठी ते नवीन आलेलं होतं. लेबल मी आधीच वाचलेलं होतं: एक चमचा औषध, बादलीभर पाणी, हातमोजे घालावेत. कोठीवाला कुलूप न लावता जेवायला गेला तेव्हा मी लिमोनाडच्या बाटलीत चार बोटं भरून घेतलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर दिलं नसतं.

आणि मी त्यात पाणी घातलं नाही. ओलं झालं तर कातडं सैल पडेल, मृदंगाचा सूर उतरेल, असं मला वाटलं. गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी आक्काच्या मागच्या दारी बसून, फडक्याने, उघड्या हातांनी मी ते तसंच दोन्ही पुड्यांना आणि वाद्यांना चोळलं. कातड्याने ते बघता बघता पिऊन टाकलं.

भावोजी वाकून वास घेऊन गेले. "लसणीचा वास येतोय रे. गणपतीला लसूण चालत नाही."

"उद्यापर्यंत उडून जाईल," मी म्हणालो.

वास उडून गेलाही.

*

रसायनशास्त्राची एक साधी गोष्ट मला तेव्हा येत होती, परीक्षेत मी ती लिहिलीही होती. काही रेणू पाण्याशी जमवून घेतात, काही तेलाशी. हे औषध तेलाच्या बाजूचं. पाण्यात सहज विरत नाही आणि स्निग्ध पदार्थ दिसला की त्यात शिरतं. म्हणून तर ते कातड्यात मुरलं. पण कातडं मृदंगाचं आणि कातडं माणसाच्या हाताचं, औषधाला दोन्ही सारखीच. हे मला परीक्षेत येत होतं. आक्काच्या मागच्या दारी आठवलं नाही.

*

आमच्या वस्तीत एक रीत होती. गणपती बसल्यापासून पहिल्या नैवेद्यापर्यंत मृदंगी जागचा उठायचा नाही. मृदंग मांडीवरून खाली ठेवायचा नाही. नैवेद्य झाला की त्याच्या घरच्या बाईने पहिला मोदक त्याच्या हातावर ठेवायचा, त्याने तो बसल्या जागी खायचा. मग बाकीच्यांची पंगत.

सकाळी नऊपासून भावोजी बैठकात वाजवत होते. डाव्या पुडीला ओली कणीक लावतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आवाज हवा तसा लागेपर्यंत ती थापायची, बोटांनी खरवडायची, पाण्याचा हात लावून पुन्हा थापायची. भावोजींनी त्या सकाळी ती तीन-चारदा तरी काढून लावली. सप्टेंबरातली, म्हणजे आमच्याकडच्या थंडीतली गार सकाळ, पण त्यांच्या कोपरापर्यंत घाम होता. मी शेजारी टाळ घेऊन बसलो होतो आणि मधून मधून वाद्या ताणून देत होतो.

बाराच्या सुमाराला आक्का पहिलं ताट घेऊन आली. मोदक अजून वाफाळत होते. तिने दोन भावोजींच्या हातावर ठेवले, एक माझ्या.

"उठू नका, तसेच खा," ती म्हणाली.

"हाताला कणीक आहेच, वरून मोदक," भावोजी हसले. "आज मी पिठातच पुरला जाणार."

त्यांनी खाल्ले, बोटं चाटली आणि पुन्हा मृदंगावर हात ठेवला. हे शेवटचं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

*

दीडला भावोजी म्हणाले, "दिवे का कमी केले?" दिवे तसेच होते. मग त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, पुसलं तरी थांबेना. घाम इतका, की सदरा पिळून निघाला असता. पोटात कळ आली आणि ते मृदंगावरच ओणवे झाले. अडीचपर्यंत माझीही नजर धूसर झाली होती आणि पोटरीच्या कातडीखाली काहीतरी आपोआप उडत होतं, जसं पाण्याखाली मासे हलतात तसं.

शेजाऱ्याच्या मोटारीतून आम्हाला नेलं. मागच्या सीटवर भावोजींचं डोकं आक्काच्या मांडीवर होतं. ती पदराने त्यांचं तोंड पुसत होती.

इस्पितळात तरुण डॉक्टर होता, परदेशातून नुकताच शिकून आलेला. त्याने आधी भावोजींच्या, मग माझ्या डोळ्यांत बॅटरी धरली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तो क्रियोलमध्ये, बेटावरच्या बोलीत, म्हणाला, "की ऊ फिन मांझे?" काय खाल्लंत?

खाटेच्या पायाशी आक्काची सासू उभी होती. मी म्हणालो, "मोदक."

ते खोटं नव्हतं. पण ते शब्द तोंडातून गेले तेव्हाच मला कळलं की पुढे जे विचारतील त्याला आता हेच उत्तर लागणार आहे.

डॉक्टरने मान हलवली. त्याचं समाधान झालं नव्हतं. सासूला बाहेर पाठवून तो माझ्या खाटेवर बसला. "हे खाण्याचं दिसत नाही. उसावर मारायचं औषध असतं, त्याला तुम्ही दोघांपैकी कुणी हात लावला होतात का? कशाला हात लावला होतात?"

मला कोठीचं कुलूप दिसलं. पांढरा कोट दिसला. मी म्हणालो, "नाही."

चार वाजले होते. समोर भिंतीवर घड्याळ होतं.

*

माझ्या सांगण्यावर न जाता त्याने अंदाजाने दोघांनाही एक इंजेक्शन चालू केलं. त्याने लाळ आटली, छातीतली घरघर कमी झाली. मला बरं वाटायला लागलं. भावोजींना थोडंच.

ज्यांनी हे भोगलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेदना ही यातली वाईट गोष्ट नव्हती. आपलं शरीर आपल्याला न विचारता काम करत राहतं, ते वाईट. पापणी उडते, ओठ उडतो, मांडी उडते. एक नर्स होती, क्रियोल बाई, अंगाने जाडजूड. दर अर्ध्या तासाने येऊन ती आमची तोंडं ओल्या कापडाने पुसायची आणि "पा पेर, पा पेर" म्हणायची, म्हणजे घाबरू नका. मला ती दया सहन होत नव्हती. मी डोळे मिटून घ्यायचो.

उजाडलं तेव्हा मी भावोजींकडे पाहिलं. त्यांचे हात चादरीवर होते आणि बोटं हलत होती. क्षणभर वाटलं, वाजवताहेत. मी ठेका धरायचा प्रयत्न केला. त्यात ठेका नव्हता.

सकाळचा चहा-पाव आला. त्यानंतर डॉक्टर आला, कालच्याच कपड्यांत. त्याने माझ्या तापाच्या कागदाच्या मागे पेन्सिलीने एक चित्र काढलं.

"तुम्ही लाबोत आहात, तुम्हाला कळेल," तो म्हणाला. "मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो. हुकूम म्हणजे एक छोटा रेणू. काम झालं की एक एन्झाइम तो हुकूम तोडतं. त्या एन्झाइमला एक हात असतो, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा."

"हायड्रॉक्सिल गट," मी म्हणालो.

"तोच. ही विषं येऊन तो हात धरतात. मग हुकूम तुटत नाही. स्नायू उडत राहतो, थकतो, बंद पडतो. छातीचे स्नायूही त्यात आले." त्याने दोन खुणा केल्या. "धरणाऱ्यांची कुळं दोन. एकाचा गट कार्बन-नायट्रोजनचा. तो काही तासांत आपण होऊन हात सोडतो. दुसरं कुळ फॉस्फरसचं. ते सोडत नाही. त्याला ओढून काढणारं दुसरं इंजेक्शन आहे, पण ते इथे नाही, मागवावं लागेल. पहिल्या कुळाचं विष असेल आणि मी ते दिलं, तर उलटा अपाय होऊ शकतो असं पुस्तकं म्हणतात. म्हणून मला कूळ कळायला हवं."

मी चित्राकडे बघत राहिलो.

"आणि फॉस्फरसचं असेल तर वेळ नाही," तो म्हणाला. "त्याला दोन फांद्या असतात. काही तास गेले की एक फांदी गळून पडते, आणि मग जो बंध उरतो तो कुठल्याच औषधाने सुटत नाही. बंध जुना झाला असं आम्ही म्हणतो. फांद्या लहान असतील तर लवकर जुना होतो."

कोठीतल्या डब्यावरचं नाव मला पाठ होतं. फॉस्फरसचं होतं. फांद्या लहान होत्या, मिथिलच्या.

मी त्याला नाव सांगितलं. मृदंगाचं सांगितलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि फोनकडे गेला. नऊ वाजले होते.

इंजेक्शन बाराच्या आत आलं. माझ्या अंगात विष थोडं होतं, मी तसाही तरलो असतो. भावोजींना दिलं, पुन्हा दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या छातीने हुकूम ऐकणं सोडलं.

चारला सांगितलं असतं तर ते जगले असते का, हे मी पुढे एकदा डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, "माहीत नाही." मग म्हणाला, "शक्यता होती."

*

"घरच्यांना तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाला होता. "ते तुमच्या तोंडून जायला हवं." पोलीस शिपाई आला, त्याला मी फवारलेल्या शेताचं काहीतरी सांगितलं. त्याने लिहून घेतलं. तो कागद वस्तीपर्यंत कधी आला नाही.

वस्तीत आला तो माझा पहिला शब्द. सासूने ऐकला होता तो. पहिल्या ताटातले मोदक दोघांनीच खाल्ले, दोघेच आजारी पडले. नारळ खवट असेल, भांड्याला कळक असेल, पीठ जुनं असेल. कुणीतरी म्हणालं, हात वाईट असेल.

मी आणखी तीन आठवडे इस्पितळात होतो, कारण आता माझ्या पायांतली ताकद जायला लागली होती. हेही त्या विषाचंच, उशिरा येणारं. पाऊल उचललं की पुढचा भाग लोंबायचा. आजही मी काठीशिवाय चालत नाही.

आक्का रोज दुपारी बसने डबा घेऊन यायची. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. डाळ, भात, कधी ब्रेद, म्हणजे इथली पालेभाजी. पहिल्या दिवशी मी पहिला घास घेतला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.

"तू तरी माझ्या हातचं खातोस," ती म्हणाली.

मी खात राहिलो. सांगायची तीच वेळ होती. मी आणखी भात मागितला.

मला तेव्हा दुसरीच भीती खात होती. मृदंग अजून बैठकात होता. तेराव्याला भजन होईल, कुणीतरी तो मांडीवर घेईल. मी आक्काला म्हणालो, "मृदंगाला कुणाला हात लावू देऊ नकोस. कुणालाच."

"मी कालच घरी आणला," ती म्हणाली. "पुसला, माझ्या लग्नाच्या शालूत गुंडाळून ठेवलाय. त्यांचा हात लागलेला आहे त्याला. रोज एकदा उघडून बघते."

"हात धुतलेस का?" मी विचारलं. "जा, आत्ता धुऊन ये. साबणाने. चांगले धू."

ती डबा हातात धरून उभी राहिली. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

"तू पण, बाळा?" ती म्हणाली.

ती गेली आणि नळाखाली हात धुऊन आली. बराच वेळ धूत होती, पाण्याचा आवाज येत होता. मग डबा आवरून निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पण तेव्हापासून ती वाढायची नाही. डबा उशाशी ठेवायची आणि म्हणायची, "तूच घे."

मृदंग मी तिला उघडू नकोस म्हणून बजावलं; मोडेल, म्हणालो. ती निरोगी राहिली, ही माझ्यावर झालेली एकच मेहेरबानी. घरी आल्यावर मी लाबोतले हातमोजे घालून शालूसकट तो उसाच्या कडेला, दगडांच्या राशीखाली पुरला. लोक म्हणाले, मेव्हण्याचं दुःख फार झालंय याला. शालू तरी ठेवायचा होतास, एवढंच आक्का म्हणाली.

नोकरी माझी टिकली. चार बोटं औषध कमी झाल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

*

आक्काने त्यानंतर मोदक केले नाहीत. तिला कुणी करूही दिले नसते. लग्नघरी तिला भांडी घासायला बोलावत, चुलीपाशी नाही. सासू मरेपर्यंत स्वतः रांधून जेवली. स्वतःच्या मुलीच्या लग्नात आक्का वऱ्हाडापासून लांब, मांडवाच्या मागच्या बाजूला बसून होती. मी हे सगळं पाहिलं. दर वर्षी म्हणायचो, या गणपतीला सांगू.

ती आता क्वात्र बॉर्नला लेकीकडे असते. डोळे गेले आहेत, कान चांगले आहेत. इथवरचं सगळं मी गेल्या रविवारी तिला वाचून दाखवलं. डॉक्टरच्या चित्राचं मात्र वाचलं नाही, तोंडानेच सांगितलं. लेक बाजारात गेली होती. घरात आम्ही दोघंच होतो.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "किती वाजता पोचलो होतो आपण इस्पितळात?"

"साडेतीनला."

"आणि तू सांगितलंस?"

"दुसऱ्या दिवशी, नऊला."

तिने मान हलवली, जशी घरात कुणी वेळ सांगितली तर हलवतात तशी. मग तिचे हात मांडीवर एकमेकांत फिरायला लागले, पाण्याखाली धरल्यासारखे.

"म्हणून हात धू म्हणालास."

"हो."

"मी आजपर्यंत धुते," ती म्हणाली. "जेवण करायच्या आधी तीनदा. लेक हसते मला."

मी तिचे पाय धरायला वाकलो. तिने पाय मागे घेतले.

"ते नको," ती म्हणाली. "छापणार आहेस ना हे?"

"हो."

"सगळीकडे बहीण बहीण लिहिलंयस, आक्का लिहिलंयस. लोकांना कळायचं कसं? माझं नाव लिही. आणि मोदकांचं लिही."

"काय लिहू?"

"कसे होते ते लिही. तू खाल्ला होतास ना."

तिचं नाव सगुणा. नारळ ताजा होता, त्याच सकाळी फोडलेला. पीठ तिने आदल्या दिवशी स्वतः कांडलं होतं. वेलची बेताची होती, पारी पातळ होती, एकही फुटला नव्हता. मोदक चांगले झाले होते.